वाढत्या अंगाचं पिल्लू

सासरे : नाही, 'मध्यम' म्हणजे काय ते आधी सांगा डॉक्टर. मांजराएवढा, की वासराएवढा?

डॉक्टर : दोन्हींच्या मधला, काका.

सून : बाबा, त्यांना पिल्लू तपासू तरी द्या.

सासरे : तपासा की! पण काल घरात आणताना हिनं मला शब्द दिलाय, "बाबा, कुत्रा आहे, पण एवढासाच राहील." दोन खोल्या, चार माणसं. आमच्याकडे पाय पसरायचे तर आधी दुसऱ्याला उठवावं लागतं.

डॉक्टर : ह्याचे आईबाप पाहिलेत का कुणी?

सून : आई पाहिलीय. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसते ती पांढरी. इतकीशी आहे हो!

डॉक्टर : आणि बाप?

सून : बाप... तो काही समोर आला नाही.

सासरे : मला संशय आहे. लाकडाच्या वखारीवर एक काळा आहे. त्याच्या पाठीवर कोपर टेकून वखारवाला उभ्या उभ्या चहा पितो.

सून : बाबा, उगाच कुणावर आळ घेऊ नका!

सासरे : आळ कसला? कान बघ याचे. हुबेहूब!

डॉक्टर : कानांचं राहू द्या, पंजे बघा. मोठ्या भावाचे बूट घातल्यासारखे. दात पडायला लागलेत, म्हणजे चार महिन्यांचा असेल. वजन आठ किलो. त्याच्या दुप्पट, वर थोडं. सोळा ते बावीस धरा.

सासरे : सोळा ते बावीस! हा काय अंदाज झाला? एवढ्या फरकात आणखी एक कुत्रा मावेल.

डॉक्टर : मिश्र जातीचा आहे काका, याला छापील तक्ता लागू होत नाही. अंदाज चुकूही शकतो.

सासरे : कुठल्या बाजूला?

डॉक्टर : बहुतेक... वरच्या.

सासरे : ऐकलंस सूनबाई?

सून : ऐकलं. पण अंदाजाचं काय घेऊन बसलात? सासूबाई सांगायच्या, चौथीत हे वर्गात सगळ्यांत बुटके होते. तुम्ही रोज दाराच्या चौकटीशी उभं करून मोजायचात. आता त्याच चौकटीला ह्यांचं डोकं आपटतं.

सासरे : तो तुझ्या सासूच्या माहेरावर गेला. त्यात माझा दोष नाही.

(पिल्लू टेबलावरून घसरत सासऱ्यांच्या मांडीत येऊन बसतं.)

डॉक्टर : द्या इकडे काका, लस टोचायचीय.

सासरे : इथंच टोचा. अहो, हळू! ...झालं रे, झालं. रडायचं नाही. एवढा वखारीचा वारस तू!

सून : बाबा, मग नेऊ या ना घरी?

सासरे : थांब जरा. डॉक्टर, हे जगतात किती?

डॉक्टर : अशी पिल्लं काटक असतात. नीट सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं.

सासरे : चौदा. म्हणजे मी ब्याण्णव.

सून : बाबा, काहीतरीच काय!

डॉक्टर : लशीचं कार्ड करतेय. मालक म्हणून काकांचं नाव घालू?

सासरे : नको, हिचं घाला. सकाळी फिरवायला मात्र मी नेणार. मला झेपतोय तोवर.

सून : आणि नंतर?

सासरे : नंतर तो मला नेईल.