नसलेल्या पंख्यासाठी निरोप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे कार्यकारिणी सदस्य, त्यांच्या शेजारची तांत्रिक सल्लागारांची रिकामी खुर्ची, आणि सभागृहातील वाचकहो,

आपल्या ग्रंथालयाचा संगणक सांभाळणाऱ्या मुलीला आज निरोप द्यायचाय. मी निवृत्त झाले तेव्हा माझं टेबल तिच्याकडे गेलं. तुम्ही तिला 'पंखेवाली' म्हणता. तिचा गुन्हा काय? त्या लिनक्सच्या संगणकावर रोज लाल अक्षरांत धोक्याची सूचना येते: चौथा पंखा बंद, तापमान एकशे सत्तावीस. आणि ही शांतपणे पुस्तकांच्या नोंदी करत बसते. केवढा निष्काळजीपणा! म्हणून तुम्ही राजीनामा मागितलात.

राजीनामा मागितलात त्या सभेत मी मागे बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, लाल अक्षरं दिसत नाहीत का?"

"दिसतात सर. पण चौथा पंखा बसवलेलाच नाही."

"मग काय, उडून गेला?"

काय हशा पिकला! एकशे सत्तावीस, महोदय! पाणी शंभरला उकळतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर विचारायच्या, "तू स्वतः पाहिलंस का?" तुमच्यापैकी कुणी त्या खोक्याला हात तरी लावला?

मी आज दुपारी लावला. गार होता. झाकण काढून एकेक वायर तपासली. तीन पंखे, तिन्ही व्यवस्थित फिरतायत. चौथ्याची नुसती जागा आहे. तापमापकाच्या जागीही काही जोडलेलं नाही. मग आकडा खरा कुठून येणार? सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहायच्या, की या दोन जागा सोडून दे. बाकीच्यांवरचा पहारा तसाच राहतो.

हे तिला कळत नव्हतं? वर्षभर परवानगी मागत होती बिचारी. पण सेटिंग बदलायला तांत्रिक सल्लागारांची सही लागते, आणि सल्लागार तुम्ही नेमलेलेच नाहीत! नसलेल्या पंख्यासाठी नसलेल्या माणसाची सही. आणि घरी कोण जाणार? जी रोज कामावर असते ती.

त्या ओळी मी लिहिल्या. शिस्तभंगाची कारवाई करायला मी तुमच्या पगारावर नाही. दुपारपासून एकही लाल अक्षर नाही. जाऊन बघा, हात लावा, चावत नाही तो.

माझ्या भाषणानंतर राजीनामा मंजूर होणार आहे म्हणे. अध्यक्ष महोदय, तो तुमच्या खिशात आहे ना? आणा इकडे. अहो, खिसा कशाला धरताय? शंभर माणसं बघतायत... हं. फाटला एकदाचा राजीनामा.

पुष्पगुच्छ आणलाच आहे, तर त्या रिकाम्या खुर्चीला द्या. आणि तू गं, रडतेस काय? उद्या वेळेवर ये.

शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. घाईत कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर क्षमा असावी. ज्यांचा झाला, त्यांची मी क्षमा मागत नाही.