परातीचा विमा

सांगायचं नव्हतं खरं तर! आईनं गळ्याची शपथ घातलीय... पण तुम्ही बाहेरगावचे, उद्याच्या मोटारीनं जाणार, म्हणून सांगते. आमचं सोनं गेलं! विमा होता हो, पण परातीचा!

बाबांची बदली गडचिरोलीच्या कचेरीत झाली आणि आम्ही पत्रूभाऊंच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भिंती कुडाच्या, बोटानं माती उकरली तर पलीकडची शेळी दिसावी! पत्रूभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाबूजी, घर माह्यं, सामान तुमचं. चोरी झाली तं मले बोलू नका." म्हणून बाबांनी चांद्याहून विमेवाले गुणवंतराव बोलावले. "परात?" लिहा. "घंगाळ?" लिहा. "सायकल?" लिहा, घंटीसकट! "दागिने?"... आणि आत आईच्या बांगड्या अशा वाजल्या, की बाबांनी गुणवंतरावांच्या हातातला टाकच काढून घेतला! परक्यापुढं सोन्याचं नाव घ्यायचं? दृष्ट नाही का लागणार? बाबांनी लिहिलं, 'दागिने नाहीत.' खाली सही!

होती ना पण, आजीची सोन्याच्या मण्यांची एकदाणी आणि दोन पाटल्या! अन्नपूर्णाताईसाठी, वैशाखात लग्न आहे तिचं. गुणवंतरावांनी जाताना धानाच्या ढोलीकडं नुसतं बघितलं, झालं! आईनं ढोलीतलं सोनं काढलं, भिंत उकरून आत ठेवलं, वरून माती-शेण लिंपलं... आणि त्यावर चुन्याची पाच बोटं उमटवली! शुभ असतं म्हणे. आता तुम्हीच सांगा, काळ्या जुन्या भिंतीवर एकच ओला गोल आणि त्यावर पांढरी पाच बोटं! आम्ही बाजाराला गेलो, परत येतो तर भिंत फोडलेली, बरोबर तिथंच! परात जागेवर, घंगाळ जागेवर, सायकल घंटीसकट जागेवर.

आणि रडायचीही चोरी! कुडापलीकडं पत्रूभाऊंची बायको शकुबाई कान देऊन. आई तोंडात पदर कोंबून रडली. म्हणाली, "पोलिसात तरी जा." बाबा म्हणाले, "काय सांगू? सरकारी नोकर मी, अन् सही करून लिहून बसलो, दागिने नाईत म्हून!" मग आई माझ्याकडं वळली, "वच्छे, कोणाले सांगू नको."

फुटक्या भिंतीची बातमी ऐकून गुणवंतराव आले. यादीवर खुणा करत गेले. "वा बाई, नशीबवान आहात! चोर आला अन् काहीच नेलं नाई!" आईनं त्यांना चहा दिला, साखर जास्त घालून. हसलीसुद्धा. त्या हसण्याकडं मला बघवलं नाही. पण कोणाला सांगायचं नाही!

ताई तेव्हा राजुऱ्याला, मामाकडं. सोनं भिंतीत ठेवलेलं बघूनच गेलेली. ती यायच्या आत आईनं भोक लिंपलं... आणि वर पुन्हा पाच बोटं! ताई रोज त्यांना नमस्कार करते हो! विचारते, "वच्छे, एकदाणी मले शोभन का वं?" मी म्हणते, शोभेल. दुसरं काय म्हणू? काल आईला म्हटलं, ताईला तरी सांग. तर म्हणते, "हसून राह्यली ना पोरगी? हसू दे चार दिस."

"वच्छे! ये वं लवकर! पटवेकरी आला दारात! भिंत उकरून एकदाणी काढू, नव्या रेशमात गाठून घेऊ!"

आले गं ताई! थांब... खुरपं ठेव ना खाली, आधी मला तुला एक सांगायचंय...