शेवटच्या कडव्यातलं नाव

मी शिरवन्याचा. बापाची खाडीलगतची भातशेती नव्या शहरासाठी सरकारनं घेतली आनि मी कळंबोलीच्या लोखंडबाजारात आधी हमाली केली, मग दलाली, मग पाइप-अँगलचा स्वतःचा गाळा. सगळं तोंडाच्या जोरावर. भाव करायला आलेला मानूस शेवटी माझ्याकडंच पानी मागायचा. पन काय सांगू तुमाला, मी खरा गानी रचनारा. हळदीची गानी. मोठा कवी नाय, पुस्तक-बिस्तक नाय.

रचायचो मी, गायचा हरेश्वर, माझा लहानपनापासूनचा दोस्त. माझा गळा म्हंजे पत्रा कापायची मशीन, त्याचा गोड. गिऱ्हाईक नसलं की मी ओळी सांगायचो, तो वजनकाट्यावर बसून चाल लावायचा, मधेच म्हनायचा, गजा, हा शब्द जड हाय, सळईसारखा टोचतो, दुसरा दे. मी शिव्या द्यायचो, आनि दुसरा द्यायचो.

जुने लोक घालायचे तसं मी शेवटच्या कडव्यात माझं नाव घालायचो. शिरवन्याचा गजा बोले, हळद चढली गो. एवढीच माझी सही. आता हळदीच्या गान्यात घरच्यांची नावं घ्यायची आमच्यात रीतच हाय, मामा, आत्या, करवली, ती मधल्या कडव्यांत. शेवटचं माझं.

तर एका बिल्डरच्या पोराच्या हळदीत ह्या हरेश्वरनं माझं नाव काढून तिथं बिल्डरच्या बापाचं नाव घातलं. म्हातारा खूश, मांडव खूश. मी उठलो, भर मांडवात त्याचा माइक खेचला. तो म्हनाला, अरे एक नाव तर बदललं, यजमानाचा मान राखला. मी म्हनालो, गानं म्हंजे माझं घर, माझ्या घरात यजमान कोन रे? त्या दिवसापासून बोलनं बंद. आनि ती रीतच पडली. आता बेलापूरपासून पनवेलपर्यंत हेच गानं, शेवटी ज्याच्या दारात हळद त्याच्या घरच्या म्हाताऱ्याचं नाव. विचारा कोनाचं, तर म्हनतात जुनं हाय, आजीच्या काळातलं. मी अजून जिवंत हाय ना, मग आजीच्या काळातलं कसं?

बरीच वर्सं गेली. औंदा माझ्या नातीची हळद होती. बायको म्हनाली, हरेश्वरला बोलवा. मी नाय म्हनालो. तो आपनहून आला, बायकोनंच निरोप धाडला असनार. गळ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज पार गेलेला, सुक्या बोंबलासारखा झालेला. बाया तेच गानं म्हनत होत्या. शेवटचं कडवं आलं तसा तो खुर्ची धरून उभा ऱ्हायला, हातानं बायांना थांबवलं आनि घोगऱ्या आवाजात म्हनाला, शिरवन्याचा गजा बोले, हळद चढली गो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वा, आजोबांचं नाव घेतलं, म्हनाले. नातीनं येऊन माझ्या गालाला हळद लावली. मी घरातला म्हातारा म्हनून माझं नाव आलं, असंच सगळ्यांना वाटलं.

हरेश्वर माझ्या बाजूला येऊन बसला. म्हनाला,
“ऐकलंस ना?”
“भाव पडल्यावर माल आनलास,” मी म्हनालो.

तो हसला, मग खोकत ऱ्हायला. मी त्याला पानी दिलं. आता भांडायला जोर नाय, कोनाला सांगत फिरायला पन नाय. गानं कोनाचं ते दोघांना ठाऊक, त्यातला एक मी, दुसरा तो. जगू दे बापडा. पोरगी सुखात नांदू दे.