केवळरामचा पुठ्ठ्याचा पूल

…नाई, पण पुठ्ठ्याचा पूलच ठेवाचा होता त आधी सांगाले का झालं होतं त्या केवळरामले? तुमाले सांगतो भाऊ, लहानपणापासूनचा दोस्त, अना त्यानंच मायी मान कापली!

आपल्या गावचं रेल्वेचं फाटक आठवते ना? उडाणपूल झाला, फाटक कायमचं बंद. म्हनलं, बाप्पा, जिंदगी गेली तिथी उभं राहून, मी अना केवळराम, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत, गप्पा हानत… ते फाटक गणपतीच्या देखाव्यात तरी जित्तं ठेवू! गोंडपिपरीच्या बाजारातून खेळन्यातली आगगाडी आनली, पण फाटकातून जानारा रस्ता? रस्ता हुबेहूब पायजे, हुबेहूब!

कोळशाचा चुरा चाळून फेविकॉलमंधी कालवला, झालं डांबर. रुळाच्या मधात बांबूच्या पट्ट्या. पहिल्या बारीले रस्ता एवढा जाड झाला का गाडी फाटकावरच उलटली! गाडीच्या चाकाले रुळाच्या आतल्या बाजूनं खाच सोडा लागते ना… सारं उखडलं, पुन्हा केलं, मंग खड्डे कोरले. आमची बायको कुंता कमरेवर हात ठेवून, "अवो, लोकं खड्डे बुजवतेत, तुमी घरात बसून खड्डे करून राह्यले?" म्हनलं, बाई, हुबेहूब पायजे!

अना मातीचे दोन मानसं केले. एक मी, सायकल धरून थांबलेला. एक केवळराम, फटफटी आडवी करून फाटकाखालून घुसून राह्यला… रोजचंच त होतं त्याचं! पाहून खऱ्या केवळरामचे डोळे भरले लेकाचे. म्हने, "भाऊ, आईची शपथ, त्या पुलावरून मी जानार नाई!"

गणपती बसले. मी हार आनाले गेलो, वापस येतो त का पाहतो? माया फाटकावरून हा एवढा पुठ्ठ्याचा उडाणपूल! केवळराम कैची घेऊन उभा. म्हनलं, काऊन बे? त म्हने, "फाटक त बंद झालं. तूच म्हनते ना, हुबेहूब पायजे?" म्हनलं, अना तुयी शपथ? "अरे, पहिल्याच दिवशी मोडली… लय मस्त रस्ता हाये, यार!"

आता लोकं पुलाचेच फोटो काढून राह्यले. माये खड्डे, मायं डांबर, सारं खाली अंधारात! अना मातीचा केवळराम वर पुलावर, फेविकॉलनं चिपकून, मोठ्या ऐटीत. म्हनलं, हरामखोरा, मले काऊन नाई चढवलं रे वर? मले काऊन खालीच ठेवलं, एकट्याले?

त म्हने, "तू कुठी चढते, भाऊ? हुबेहूब पायजे ना?"

खोटं नाई बोलला तो. काल संध्याकाळी बी मी सायकल धरून तिथीच उभा होतो ना… बंद फाटकापाशी.