टिकलीएवढी जागा

मी मूळचा मिठागरातला. आमचा बापूस, त्याचा बापूस, सगळ्यांनी खाडीच्या कडेला मीठच ओढलं, आयस डोक्यावरनं पाट्या वाहायची, लग्न होईपर्यंत मी पण तेच केलं, मंग बांध फुटला, आगर बुडालं आणि बायको म्हणाली आता काय बसून मीठ चाटणार हाव काय, तवा वडखळला हमीदचाचांच्या गॅरेजात गेलो. चाचा गाड्यांचं वायरिंग करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक जुना डायनामो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, दामा, हा फिरतो तवा गाडीला वीज मिळते, याला मान दे. चाचा गेले, मी गडबला हायवेला माझं दुकान टाकलं, आणि डायनामोच्या गाड्या काय राहिल्या नाय. आताच्या गाडीला आधी कॉम्प्युटर लावतात. मला वाटायचं, चाचांनी दिलेली विद्या माझ्याबरोबरच जाणार.

तर मागच्या वर्षी गणपती उरकल्यावर सकाळीच माझ्या दुकानासमोर एक गाडी येऊन मेली. काळी, गोल पाठीची, माझ्याहून वयानं मोठी. चालवत होते पेणचे अनंतशेठ, गणपतीचे मूर्तिकार, आणि मागं त्यांची आई, ऐंशीच्या वरच्या काकू. बॅटरी भरून रोह्याला निघालेले, पण वडखळच्या ट्रॅफिकमधी दहादा गाडी बंद, दहादा सेल्फ, आणि गडबला येईस्तोवर बॅटरी ठार. गाडी धावते पण बॅटरी भरत नाय, हे दुखणं.

मी म्हटलं काकू, रोह्याला जायचंय ना, रिक्षा बघून देतो. तर काकू म्हणाल्या, दामा, माणूस पोचवायचं नाय रे, भोंगा पोचवायचाय. ही गाडी त्यांच्या वडिलांची, रोह्याची. वडील घरी आले की कोपऱ्यावरनंच भोंगा वाजवायचे आणि या दोघी बहिणी पायात चपला सरकवून धावत सुटायच्या. ती धाकटी बहीण आता रोह्याला खाटेवर, कोणाला ओळखत नाय, डॉक्टरांनी हात टेकलेले. काकू तीनदा जाऊन आल्या, ती छताकडं बघत पडलेली. म्हणून लेकानं ही गाडी शेडमधनं काढली, इंजिन करून घेतलं, रंग स्वतः दिला. आणि भोंगा तर बॅटरीवर. नुसती बॅटरी भरून दिली तर दारात पोचेस्तोवर परत मरायची, म्हणून मी गाडी आत ढकलून घेतली.

डायनामो काढून बल्ब लावला, फिरवला, बल्ब काळाच. आता हे ऐका, डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबक राहतं, त्याच्या जोरावर तो वीज सुरू करतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की ते विसरतो. चाचा म्हणायचे मेला नाय, विसरलाय, आठवण कर. बॅटरीची वायर त्याला एकदा टेकवायची, डोळा मिटून उघडेपर्यंत, बस. मी टेकवली. परत फिरवला आणि बल्ब हळूहळू लाल, मंग पिवळा, मंग पांढरा झाला. मी शंभर डायनामो केले असतील, पण तवा माझ्या अंगावर काटा आला. एका क्षणाच्या शिवण्यानं लोखंडाला आठवतं, याला काय म्हणायचं, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा.

पण गाडीत बसवला तर बॅटरी भरते का ते दाखवणारा आंपियरचा काटा हलेना. आणि इथं माझी खोड आडवी आली. मी मिठातला माणूस, आमच्या खारेपाटात काय पण बिघडलं की खाऱ्या हवेनं खाल्लं असं आम्ही म्हणतो आणि दहातल्या नऊ वेळा खरं असतं. मी दोन दिवस एकेक वायर सोडून हिरवा गंज शोधत बसलो. काकू रोज पेणवरनं यायच्या, बाकड्यावर बसायच्या, झालं काय विचारायच्या नाय. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

तिसऱ्या दिवशी कटआउटचा डबा उघडून नुसता बघत बसलो. डायनामोनं जोर धरला की त्यातली पट्टी टक् करून चिकटते आणि वीज बॅटरीकडं जाते. वीज डब्यापर्यंत येत होती, पट्टी ढिम्म. मंग एक सुटी वायर घेऊन डब्याची पाठ गाडीच्या उघड्या लोखंडाला जोडली आणि टक्. काटा उजवीकडं गेला. म्हणजे डब्याला अर्थिंगच नव्हतं, डबा पत्र्याला टेकून पण पत्र्याला शिवत नव्हता. खोलला तर मागं रंग. तीन हात चढवलेला, आरशासारखा.

मी म्हटलं अनंतशेठ, डब्याच्या मागं कोण बघणार व्हतं? ते म्हणाले, दामूदादा, आमच्याकडं मूर्तीची पाठ पण कोरी ठेवत नाय, माणसानं बघितलं नाय तरी देवाला ठाऊक असतं. मला हसू आलं आणि पाया पडावंसं पण वाटलं. मी पॉलिश पेपर उचलला तर माझा हात धरला, म्हणाले मी करतो. त्यांच्या मातीकामाच्या कोरणीनं त्यांनी चार स्क्रूंच्या जागी टिकलीएवढा रंग खरवडला, मूर्तीचे डोळे आखताना धरतात तसा श्वास धरून.

रोह्याला मला पण नेलं. नागोठण्यापासनं भिसे खिंड चढेपर्यंत मी रस्ता बघितलाच नाय, काट्याकडं बघत होतो, काटा उजवीकडंच. बहिणीच्या दारात गाडी लावली, काकू पुढं येऊन बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं भोंगा दाबला. दोनदा. मंग आम्ही आत गेलो. धाकटी बाय छताकडंच बघत होती. पण चादरीखालनं तिचे दोन्ही पाय खाली आले आणि जमिनीवर चपला शोधायला लागले. काकू खाली बसल्या, आपल्या चपला काढून तिच्या पायात घातल्या. मी बाहेर येऊन गाडीला टेकून रडलो, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर महिन्यानं ती गेली. काकू हायेत, अजून लेकाबरोबर या रस्त्यानं जाताना दुकानासमोर भोंगा वाजवतात आणि मी हातातलं काम टाकून बाहेर येतो. आता डोळ्यांना बारीक तार दिसत नाय, दुकान किती दिवस चालेल ठाऊक नाय. चालेल तेवढं चालेल. चाचांची विद्या कामाला आली. तुम्ही लांबनं आलात, ऐकून घेतलंत, तुमची पण गाडी सुखरूप चालो.