जनीने घातलेली ओळ

तुम्हाला जनीचा किस्सा सांगितला नाही ना कधी? मी तेव्हा ठाण्यात नोकरी करायचो आणि दर रविवारी शेणवे गावातल्या एका शाळेत मुलांना हौसेने प्रोग्रामिंग शिकवायला जायचो. जनी आठवीतली, डोंगराकडच्या पाड्यावरची. एका रविवारी तिचे वडील वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "भाताची लावणी चालू हाय. ही हितं काय शिकते ते बघतो, नायतर घेऊन जातो."

मी घाईघाईत फळ्यावर एक ते दहा आकडे मोजणारा प्रोग्राम लिहिला आणि जनीला तो कॉम्प्युटरवर टाइप करायला सांगितला. ती फळ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सर, हा थांबायचा नाय."

"तू लिही गं," मी म्हणालो.

तिने लिहिला आणि चालू केला. पडद्यावर एक, एक, एक, नुसते एकच धावायला लागले. आकडा दर वेळी वाढवायची ओळच मी विसरलो होतो. मी काही बोलायच्या आत जनीने प्रोग्राम बंद केला, मधे एक ओळ घातली आणि पुन्हा चालवला. दहापर्यंत आकडे आले आणि थांबले. सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला, मीसुद्धा.

वडिलांना मी खरं सांगून टाकलं, "चूक माझी होती. तिने आधीच सांगितलं होतं."

त्यांनी आत येऊन पडद्यावरचे आकडे नीट बघितले. मग चपला घालत म्हणाले, "लावणी आमी करू. पुढल्या आयतवारी हिलाच शिकवू द्या, सर. तुमी बसा."