कुठेही उघडणारी डबी

मी, मयत यांचा मुलगा, वय ४६ वर्षे, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, आज गुरुवारी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, साहेबांनी विचारल्यावरून सांगतो ते असे:

माझे वडील, वय ७८, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आई सहा वर्षांपूर्वी वारली. तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे जुने घर सोडले आणि वडील माझ्याकडे राहायला आले. माझे लग्न झालेले नाही. मोठी बहीण याच शहरात राहते. वडिलांना तीन वर्षांपासून विस्मरणाचा आजार होता, डॉक्टरांचे कागद सोबत दिले आहेत. त्यांना जुने पक्के आठवायचे, नवे टिकत नसे. निम्म्या शहराचे जुने पाच आकडी नंबर तोंडपाठ, पण माझा मोबाईल नंबर शेवटपर्यंत पाठ झाला नाही. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा म्हटले की भडकत. "मी काय चुकलेलं कुत्रं आहे, गळ्यात पट्टा अडकवायला?" असे म्हणत. मी दोनदा चिठ्ठी ठेवली, दोनदा त्यांनी ती फाडून माझ्याच टेबलावर ठेवली.

कॉम्प्युटरवर मात्र ते रमत. घरी माझ्या कॉम्प्युटरवर, सकाळी ग्रंथालयात, रविवारी ताईकडे. अडचण अशी होती की प्रत्येक ठिकाणची स्क्रीन वेगळी. चित्रे वेगळी, जागा वेगळ्या. ते घाबरे होत आणि "हे माझं नाही" म्हणून उठून जात. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्यांना एक बाहेरची डिस्क करून दिली. ती चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवून शर्टाच्या खिशात घालत, म्हणून घरात तिला डबीच म्हणत.

हा पेन ड्राइव्हच ना, असे साहेबांनी विचारले. तर नाही. पेन ड्राइव्हमध्ये लोक फायली ठेवतात. डबीत अख्खी सिस्टिम होती. कुठल्याही कॉम्प्युटरला लावून तो चालू केला की त्याची स्वतःची सिस्टिम झोपून राहते आणि डबीतली उघडते. डबी काढली की तो कॉम्प्युटर जसा होता तसा. त्यामुळे वडील कुठेही बसले तरी समोर तेच निळे आभाळ, तीच चार मोठी चित्रे आणि आपोआप उघडणारे एक पान. पानावर सगळ्यात वर त्यांचे नाव, आताच्या घराचा पत्ता, माझा नंबर आणि आई आता नाही हे. शेवटचे वाक्य त्यांनीच घालायला लावले होते. दर वेळी नव्याने कळण्यापेक्षा लिहिलेले बरे, असे म्हणाले होते. खाली ते रोज चार ओळी लिहीत. ग्रंथालयातल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरने आधी बाहेरची डिस्क बघावी, असे मी ग्रंथपाल बाईंना विचारून लावून ठेवले होते.

गेल्या आठवड्यात डबीतली डिस्क टिकटिक आवाज करू लागली. आमच्या धंद्यात हा आवाज ऐकला की वाट बघत बसायचे नसते. सोमवारी संध्याकाळी साडेपाचला मी नवीन डिस्क घेतली, तिच्यावर सिस्टिम टाकली आणि वडिलांची पाने त्यात उतरवली. वडील शेजारी स्टुलावर बसून होते आणि दर पाच मिनिटांनी "झालं का रे?" विचारत होते. मला हसूही येत होते आणि चिडचिडही होत होती.

या कामाचा एक नियम आहे. सुरू करण्याआधी कॉम्प्युटर उघडून त्याच्या आतल्या डिस्कची वायर काढून ठेवायची. कारण असे की कॉम्प्युटर चालू होताना आधी एक छोटा प्रोग्राम शोधतो, तो सापडला तरच पुढची सिस्टिम उघडते. हा प्रोग्राम बाहेरच्या डिस्कवरच जायला हवा. इन्स्टॉल करताना स्क्रीनच्या तळाशी एक लहान चौकट असते, तिथे तो कुठे टाकायचा ते निवडायचे असते, आणि ती चौकट न विचारता आतली डिस्क धरून बसते. आतल्या डिस्कची वायरच काढलेली असेल तर चूक होऊच शकत नाही. दुसरा नियम, झालेली डिस्क ज्या कॉम्प्युटरवर केली तो सोडून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. माझ्याकडे काम शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे दोन नियम सांगतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठी. सोमवारी मी वायर काढली नाही, कारण चार स्क्रू काढायचा कंटाळा केला. चौकट बघितली नाही. आणि माझ्याच कॉम्प्युटरवर डबी उघडून बघितली. तिथे ती अर्थातच उघडली. घर डबीत आणि दाराची किल्ली माझ्या टेबलावर, अशी ती वस्तू मी वडिलांच्या हातात दिली.

वडिलांनी विचारले, "जुनी पण बरोबर ठेवू का?" मी म्हणालो, "नको बाबा, दोन झाल्या की गोंधळ होईल." जुनी डिस्क मी त्यांच्यासमोरच पुसली.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला वडील चहा घेऊन, डबी खिशात टाकून ग्रंथालयाकडे निघाले. त्यांच्या चालीने ग्रंथालय पंधरा मिनिटांवर आहे, माझ्या चालीने आठ. तो रस्ता त्यांना येत होता, रोज एकटेच जात. जाताना "छत्री घेऊ का?" विचारले. मी वर न बघता नको म्हणालो.

नऊ पन्नासला मी माझा कॉम्प्युटर चालू केला. काळी स्क्रीन आणि वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली. दुकानात हिशेबनीस गृहस्थ आपला लॅपटॉप न्यायला उभे होते. ते हसून म्हणाले, "काय हो, डॉक्टरच आजारी पडले?" मी पण हसलो. ती ओळ वाचून बरोबर दहा वाजता मला काय झाले ते कळले. वडिलांच्या डबीचा प्रोग्राम माझ्या डिस्कवर बसला होता आणि डबी शोधत होता. म्हणजे डबी इतर कुठे उघडणार नाही, हेही त्याच क्षणी कळले. कळले नव्हते असे मी सांगणार नाही.

मी ग्रंथालयात गेलो नाही. मनात आले ते असे, की वडील पेपर वाचत बसतील, जेवायला येतील, मग दुपारी करून टाकू. गृहस्थ खोळंबले होते, त्यांचे बिल त्याच कॉम्प्युटरवर होते. मी आधी माझा कॉम्प्युटर दुरुस्त केला. त्याला दहा पस्तीस झाले.

पुढची हकीकत मला नंतर इतरांकडून कळली. ग्रंथपाल बाईंनी सांगितले की वडील साडेनऊला आले, तीन नंबरवर बसले, डबी लावली. ग्रंथालयाची नेहमीची स्क्रीन आली. त्यांनी दोनदा बंद-चालू केले. मग चार नंबरवर, मग एक नंबरवर. बाई जवळ गेल्या तेव्हा ते डबी काढून पुन्हा लावत होते. ते म्हणाले, "माझं पान गेलं." बाई म्हणाल्या, "घरी चालतं ना काका? मग घरी जाऊन बघा एकदा." त्यांनी हे चांगल्या बुद्धीने सांगितले. कोणीही तेच सांगितले असते. वडील दहा वीसला बाहेर पडले. मी दहाला निघालो असतो तर दहा आठला पोहोचलो असतो.

वडील घरी गेले. ते आमच्या जुन्या घरी गेले. तिथे आता कपडे शिवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी सांगितले की सव्वाअकराला बेल वाजली, दार उघडले तर वडील उभे. त्यांनी विचारले, "कॉम्प्युटर कुठे हलवलात?" बाईंनी आत घेतले, खुर्ची दिली, पाणी दिले. नाव विचारले तर वडिलांनी डबी पुढे केली आणि म्हणाले, "यात आहे सगळं." बाईंकडे कॉम्प्युटर नाही. घरचा फोन नंबर विचारला तर वडिलांनी खडाखडा पाच आकडे सांगितले. बाईंनी तो लावला, लागला नाही. तो याच घराचा नंबर होता, आमच्या वेळचा. बाई म्हणाल्या, "काका, बसा जरा, मी इस्त्री बंद करून येते." त्या परत आल्या तर खुर्ची रिकामी होती. जिन्यात आवाज झाला. इमारतीच्या रखवालदाराला वडील दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडलेले दिसले. अकरा चाळीसची वेळ असावी. जिना मला माहीत आहे, उजेड चांगला आहे, कठडा धड आहे. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी मृत घोषित केले. खिशात नाव-पत्ता नसल्याने कोणाला कळवता आले नाही.

वडील एक वाजता जेवायला आले नाहीत म्हणून मी ग्रंथालयात गेलो, तिथून ताईकडे, मग दोघे मिळून सव्वातीनला इथे ठाण्यात हरवल्याचे सांगायला आलो. मी वर्णन सांगत होतो, उंची, शर्टाचा रंग. हवालदार लिहायचे थांबले. टेबलावर चष्म्याची डबी होती. ताई माझ्याआधी ओळखून खाली बसली. दवाखान्यात मी मृतदेह ओळखला, तो माझ्या वडिलांचाच आहे. ताईने मला एकच विचारले, "तुला कधी कळलं होतं?" मी दहा वाजता म्हणालो. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

आज साहेबांनी डबीत काय आहे ते बघायचे आहे असे सांगितल्यावरून, साहेब आणि दोन पंचांसमोर मी ती माझ्या लॅपटॉपला लावून तो छोटा प्रोग्राम तिच्यावर टाकला. हवालदारांनी घड्याळ लावले होते. चार मिनिटे लागली. मग डबी ठाण्याच्या कॉम्प्युटरला लावली, आणि इथे या टेबलावर ती पहिल्या फटक्यात उघडली. सोमवारी संध्याकाळी वडिलांनी लिहिलेल्या ओळी साहेबांनी मोठ्याने वाचल्या, त्या अशा:

"मुलाने नवी डबी करून दिली. जुनी कुरकुरत होती. ही पटकन उघडते. बाहेर चालेल ना विचारलं. म्हणाला, बाबा, कुठेही चालेल. आता काळजी नाही. उद्या ग्रंथालयात बाईंना दाखवायची."

यानंतर जबाब वीस मिनिटे थांबवला होता.

शेवटी साहेबांनी नेहमीचे वाक्य लिहायला सांगितले, की वडिलांच्या मृत्यूबाबत माझा कोणावर संशय नाही आणि कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी म्हणालो, असे लिहू नका. ग्रंथपाल बाईंविरुद्ध नाही, शिवणाऱ्या बाईंविरुद्ध नाही, रखवालदाराविरुद्ध नाही. एका माणसाविरुद्ध आहे. साहेब म्हणाले, "अहो, स्वतःविरुद्ध तक्रार कशी घेऊ मी? चूक झाली, गुन्हा नाही झाला." मी म्हणालो, मग या चुकीचं मी काय करू ते सांगा. साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवले. बऱ्याच वेळाने वाक्य असे ठरले: इतर कोणाविरुद्ध माझी तक्रार नाही.

हवालदारांनी वरील सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना त्यांनी "इतर" हा शब्द गाळला होता, तो मी कागदावर बोट ठेवून दाखवला आणि पुन्हा वाचायला लावला. आता सांगितले तसे लिहिले आहे. सही करतो.